शेजाऱ्याची किल्ली : डिचोली-पेडण्याच्या निवासी संकुलांतील लोकजीवन

भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या सायंकाळी मुंबईच्या अथवा पुण्याच्या एखाद्या निवासी इमारतीवरून जावे, तर दिव्यांच्या माळा, मखराची लगबग आणि जिन्यावरची वर्दळ दृष्टीस पडते. त्याच सायंकाळी डिचोली किंवा पेडणे येथील सदनिका-संकुलासमोर क्षणभर उभे राहावे. तेथे नेमके उलट चित्र दिसेल. एकेका मजल्यावरील दिवे मालवत जातात. फळांच्या पिशव्या, नारळ, नव्या कपड्यांची बोचकी जिन्यावरून खाली उतरतात. दुचाक्या आणि मोटारी एकामागून एक फाटकाबाहेर पडतात, आणि रात्र पडते न पडते तोच उभी इमारत काळोखात बुडते. ज्या दिवशी अन्यत्र इमारती उजळतात त्या दिवशी येथील इमारती रित्या होतात, याचे परस्थास मोठे नवल वाटते.

नवल वाटण्याचे कारण नाही. गोमंतकीय हिंदू कुटुंबाचा गणपती सहसा सदनिकेत येत नाही. तो मूळ घरी बसतो आणि माणसे त्याच्याकडे जातात. डिचोलीत नोकरीधंद्यासाठी राहणारा गृहस्थ चवथीला मये, साळ, मेणकुरे वा लाटंबार्से येथील आपल्या घरी जातो. पेडणे शहरातला कोरगाव, पार्से, तुये, इब्रामपूर येथे. कित्येकांची मूळ घरे सत्तरीत, तर काहींची सीमेपलीकडे दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे आहेत. चार भावांच्या चार सदनिका चार गावांत असल्या, तरी माटोळी एकाच घरी बांधली जाते. रानातली कांगणे, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, केळीचे घड त्या लाकडी चौकटीला टांगण्यास चारही भावांचे हात लागतात. दीड दिवसाचा गणपती असो की पाच दिवसांचा, तेवढा काळ शहरातील घराला कुलूप असते.

मग त्या काळोख्या इमारतीत राहतो कोण? बँकेत बदलून आलेला परप्रांतीय अधिकारी, रुग्णालयातील परिचारिका, कर्नाटकातून आलेला गवंडी, आणि बहुतांशी तळमजल्यावर ज्याचे दुकान व वर ज्याचे बिऱ्हाड आहे तो व्यापारी. आपल्या मंडळींपैकी अनेकजण या शेवटच्या वर्गातले आहेत. योगायोग असा की श्वेतांबर परंपरेतील संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीस किंवा पंचमीस येते, आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. म्हणजे शेजारी ज्या दिवसांत गावी जातो, नेमक्या त्याच दिवसांत जैन कुटुंब घरी स्थिर असते. यातून एक व्यवस्था आपोआप उत्पन्न झाली. तिचा ठराव कोणत्याही सभेने केला नाही, परंतु ती वर्षानुवर्षे चालू आहे. जाणारा शेजारी आपली किल्ली राहणाऱ्याच्या हाती देतो.

डिचोलीच्या बाजारपेठेलगतच्या एका इमारतीत, उपवासास बसलेल्या एका गृहिणीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांची फळी प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. फळीवर सात किल्ल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारलेली होती. कोणाच्या गॅलरीतील तुळशीला पाणी घालायचे, कोणाच्या मांजरीला दूध ठेवायचे, दुसऱ्या मजल्यावरील वृद्ध आजींना गावचा प्रवास झेपत नाही म्हणून त्यांचे दार दिवसातून दोनदा ठोठवायचे, हे सारे त्या बाईंना तोंडपाठ होते. बँकेच्या लॉकरवर जितका विश्वास ठेवला जात नाही तितका या फळीवर ठेवला जातो. ज्याच्याजवळ शेजाऱ्याची किल्ली आहे त्याला परका म्हणणे कठीण असते.

हे सहजीवन गोमंतकात मुळातून नवे नाही; नवी आहे ती इमारत. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, म्हणून ते नव्या काबिजादीत मोडतात. येथील वस्ती वाड्यावाड्यांची. चिऱ्यांची घरे, मंगळुरी कौले, पुढे तुळशीवृंदावन, आणि गावाची सामाईक कामे पाहणारी गावकरी. पाण्याची वाट कोणी अडवायची नाही, बांध फुटला तर कोणी किती हात लावायचे, देवळाच्या उत्सवात कोणाचा मान कोणता, हे सर्व ठरलेले असे. व्यापाऱ्याचे घर बाजारात, खाली पसरा आणि वर माडी. डिचोली तालुक्यातील कुडणे येथे प्राचीन जैन मंदिराचे अवशेष आहेत, त्यावरून या मुलखाशी आपला संबंध किती जुना आहे याची कल्पना यावी. तथापि आज येथे नांदणारी बहुसंख्य व्यापारी घराणी १९६१ च्या मुक्तीनंतर, गुजरात-राजस्थानातून वा बेळगाव-कोल्हापूरकडून आलेली आहेत.

एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे करून राहण्याचे शिक्षण मात्र गोमंतकीयाने आधी मुंबईत घेतले. धोबीतलाव आणि माझगाव भागांतील गोमंतकीयांची 'कुडे' सर्वश्रुत आहेत. एका गावच्या लोकांनी भाड्याने जागा घ्यावी, प्रत्येकाने आपली पेटी ठेवावी, वर्गणी द्यावी, सायंप्रार्थना एकत्र करावी, असा तो प्रकार. ती कुडे प्रामुख्याने ख्रिस्ती दर्यावर्द्यांची व नोकरदारांची होती. मुंबईतच गावदेवी येथे १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. देशातील अगदी आरंभीच्या सहकारी गृहसंस्थांत तिची गणना होते. गोव्यात मुक्तीनंतर महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था अधिनियम लागू करण्यात आला, आणि २००१ मध्ये गोव्याने स्वतःचा अधिनियम केला. कायदा असा आहे. परंतु इमारत कायद्यावर उभी राहत असली, तरी ती रोज सकाळी जागी होते ती पोदेराच्या भोंग्याने.

सायकलला बांधलेल्या टोपलीतून उष्ण पाव घेऊन पोदेर फाटकात येतो, भोंगा वाजवतो, आणि चार मजल्यांवरून पिशव्या दोरीने खाली सुटतात. मागोमाग मासळीवाली येते. दूधवाला येतो. नळाचे पाणी येण्याची वेळ झाली की टाकीचा पंप कोण चालू करणार यावरून एखाद-दोन हाका होतात. पेडणे तालुक्याला चांदेल येथील जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी मिळते; तिळारीचा कालवा दुरुस्तीसाठी बंद पडला की पहिली टंचाई वरच्या मजल्यावर जाणवते. मग टँकर मागवायचा, त्याचे पैसे कोणी भरायचे, आणि ज्याची सदनिका वर्षभर बंद आहे त्याच्याकडून ते मागायचे की नाही, अशी चर्चा जिन्याच्या पायरीवर बसून चालते. हिची भाषा अर्धी कोंकणी, अर्धी मराठी, मधूनच हिंदी. एकाच बाईला एका दारात 'वहिनी', दुसऱ्यात 'भाभी' आणि तिसऱ्यात 'काकी' म्हणतात, आणि ती तिन्हींना ओ देते.

येथवर सर्व गोड झाले. आता कडू घोट.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वीस-पंचवीस वर्षे झालेल्या इमारतीची गच्ची अशा पावसात गळू लागते. उपाय सर्वांना ठाऊक आहे, गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालणे. खर्च आला की मात्र इमारत दुभंगते. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, पाणी माझ्या छतातून गळत असले तरी गच्ची सर्वांची आहे. आणि तळमजल्यावरचा दुकानदार म्हणतो, 'आमचा गच्चीशी संबंध काय? आम्ही लिफ्ट वापरीत नाही, जिना चढत नाही. आमची वर्गणी कशापायी?'

हा दुकानदार म्हणजे बहुधा आपल्यापैकीच एक असतो, म्हणून येथे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. त्याचे म्हणणे हिशेबाला धरून वाटते, पण हिशेब अपुरा आहे. गच्चीतून मुरलेले पाणी स्तंभांतील लोखंडापर्यंत पोचते आणि ते लोखंड गंजत खाली उतरते. त्याच स्तंभांवर दुकानाची तुळई टेकलेली आहे. इमारतीचे अंगण सर्वांत अधिक कोण वापरतो? ज्याच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या दिवसभर तेथे उभ्या असतात, आणि ज्याच्या मालाचा टेंपो सकाळी फाटक अडवून उभा राहतो तो. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनी या तंट्यावर तोड काढलेली आहे. सेवाशुल्क सर्व घटकांना समान, पाण्याचा आकार नळांच्या संख्येप्रमाणे, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळाच्या प्रमाणात. गोव्यातील ज्या इमारतींनी अशासारखी वाटणी लिहून ठेवली तेथे गच्चीचे भांडण एका सभेत मिटते. ज्यांनी लिहिली नाही तेथे ते दर आषाढात नव्याने सुरू होते. वर्गणी थकवणाऱ्या दुकानदाराला कोणी माल घेणे थांबवीत नाही, हे खरे. परंतु वरच्या मजल्यावरच्या बाई खाली उतरून त्याच्या दुकानावरून पुढच्या दुकानात जातात. ही शिक्षा कोणत्याही उपविधीत लिहिलेली नसते.

याच्या उलट बाजूही आहे, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय डिचोलीचे शेजारपण कळणार नाही. डिचोली हा खाणपट्टा. येथील कित्येक सदनिका खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या कमाईवर घेतल्या गेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश झाला. एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प झाले. डिचोलीतील खाण लिलावानंतर २०२४ साली पुन्हा सुरू झाली. मधली वर्षे कशी गेली ते किराणा दुकानाच्या वहीत पाहावे.

ट्रकचा हप्ता चुकला तर ट्रक जातो. सदनिकेचा हप्ता चुकला तर बँकेचे पत्र येते. शाळेचे शुल्क चुकवता येत नाही. राहतो तो किराणा. त्याची उधारी वाढत जाते. व्यापाराचा नियम सांगतो की अशा खात्यास माल बंद करावा. पण ज्याच्या नावे खाते आहे तो वरच्याच मजल्यावर राहतो, त्याची मुलगी आपल्या मुलीबरोबर एकाच रिक्षाने शाळेत जाते, आणि गेल्या चवथीची त्याची किल्ली अजून आपल्या फळीवर आहे. अशा माणसास 'उद्यापासून रोखीने' असे कसे म्हणावे? काहींनी म्हटले. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांनाही घाऊक व्यापाऱ्याचे देणे होते; काही दुकाने तर याच ओझ्याखाली मिटली. परंतु कित्येकांनी मधला मार्ग काढला. तांदूळ, डाळ, तेल चालू ठेवले, बाकीचे बंद केले, आणि वहीतला आकडा घरातल्या मुलांसमोर कधी उच्चारला नाही. यातले बरेच पैसे फिरून आले, असे जुने व्यापारी सांगतात. खाते कोणाचे आहे ते ठाऊक असल्यामुळे ते आले. ज्या गिऱ्हाइकाचे घर माहीत नाही त्याची उधारी बुडते, ही आपल्या धंद्यातली जुनी गोष्ट आहे.

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात याच वहीचे दुसरे रूप दिसले. महामारीच्या टाळेबंदीत गोव्यात आरंभीचे काही दिवस किराणा दुकानेही बंद ठेवण्यात आली होती. घरात चार दिवसांचे धान्य ठेवण्याची शहरी सवय असलेल्यांची त्या दिवसांत तारांबळ उडाली. दुकानाचे दार खाली असले तरी दुकानदाराचे घर वर होते, आणि त्याच्या घरच्या डब्यात काय आहे ते शेजारणींना ठाऊक होते. वाटीभर साखर, दोन वाट्या तूरडाळ, लहान मुलासाठी दुधाची भुकटी अशी देवघेव जिन्यावरूनच झाली. त्यानंतर २३ जुलै २०२१ रोजी पुराने डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांतील अनेक गावे वेढली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सांगण्यात आले. जे लोक चवथीला सदनिका सोडून मूळ घरी जातात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या मूळ घरांत त्या दिवशी पाणी होते.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. गोमंतकीयाचे जेवण म्हणजे शीत आणि मासळीचे हुमण. श्रावण, सोमवार आणि व्रतवैकल्यांचे दिवस सोडले तर ते रोजचे आहे. आपल्या मंडळींस त्याचा वास सहन होत नाही; यात लपवण्यासारखे काही नाही. मुंबईत या कारणावरून काही गृहसंस्थांनी मांसाहारी कुटुंबास घर न देण्याचा पायंडा पाडला आणि त्यावरून बरीच कटुता माजली. केवळ आपल्या समाजाची गृहसंस्था काढणे कायद्याने सर्वस्वी निषिद्ध नाही, हे २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. 'आपणही पेडण्याकडे तशी एखादी वसाहत का काढू नये?' असा विचार अधूनमधून आपल्यात बोलून दाखवला जातो.

या विचाराशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. कायदा आड येत नाही म्हणून गोष्ट शहाणपणाची ठरत नाही. ज्या गावात आपण दुकान मांडले त्या गावाच्या स्वयंपाकघरास नाक मुरडून तेथे तीन पिढ्या व्यापार करता येत नाही. शिवाय वासाचा खरा उगम फोडणीत नसून कचऱ्यात असतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि मासळीचे पाणी जिन्यातल्या पेटीत रात्रभर राहिले तर ते कोणासही असह्य होते, मासळी खाणाऱ्यासही. मासळी बाजारातच साफ करून आणणे, ओला कचरा त्याच दिवशी नगरपालिकेच्या गाडीत देणे, जिन्यात काही न ठेवणे, एवढे तीन नेम पाळले तर तक्रार फारशी उरत नाही. हे नेम प्रथम सुचवतात त्या बहुधा गोमंतकीय गृहिणीच.

या गृहिणींनी दाखवलेली समज तर वाखाणण्यासारखी आहे. गोव्यात सणासुदीला खतखते करतात. त्यात सुरण, रताळी, मुळा अशी कंदमुळे असतातच. पहिल्या वर्षी शेजारीण मोठ्या प्रेमाने खतखत्याची वाटी घेऊन येते, आणि जैन घरातून ती संकोचाने परत जाते. दुसऱ्या वर्षी ती नेवऱ्या घेऊन येते, आणि त्याही सूर्यास्तापूर्वी. कारण या घरी दिवेलागणीनंतर कोणी जेवत नाही हे आता तिला कळलेले असते. इकडून संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत मुले दारोदार जातात. त्याचा अर्थ काय ते पूर्वी विचारले जाई. आता शेजारची मुले स्वतःच तो शब्द आधी उच्चारून मोकळी होतात. गच्चीच्या वर्गणीवरून ज्याच्याशी आषाढात बोलाचाली झाली होती त्याच्या दारी हे दोन शब्द घेऊन जाणे वडील माणसांना मात्र जड जाते. तरीही कित्येकजण जातात.

डिचोलीची इमारत ही अशी माणसांनी भरलेली आहे. पेडण्याच्या किनाऱ्याकडे, मांद्रे, मोरजी, हरमल या भागांत उभी राहिलेली संकुले पाहिली म्हणजे दुसरीच चिंता वाटू लागते. तेथे भांडण नाही, कारण भांडायला माणूस नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली, म्हणजे एकूण घरांच्या जवळजवळ २२ टक्के. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातील जमिनीस आणखीच भाव आला आहे. दिल्ली-मुंबईच्या धनिकाने सदनिका घ्यावी, वर्षातून दहा दिवस यावे आणि उरलेला काळ ती प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने द्यावी, ही तेथील रीत होऊन बसली आहे. असे भाड्याने देण्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमाखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली तरी शेजार निर्माण होत नाही. आज जो समोरच्या दारात आहे तो परवा नसतो. त्याच्याकडे किल्ली कोण देणार?

अशा संकुलांत जे चार-पाच घरांचे कायम रहिवासी असतात त्यांची स्थिती विलक्षण होते. सभेला कोरम भरत नाही. बांधणारा आपले नियंत्रण सोडत नाही आणि कोणी ते मागत नाही. बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत रहिवाशांची संस्था स्थापन होईल अशी तजवीज बांधणाऱ्याने करावी, असे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात म्हटले आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष त्याने विनामूल्य दूर करावेत, असेही त्यात आहे. पाच वर्षांची ही मुदत मागणारे कोणी नसल्यामुळे किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत मूकपणे संपते. घर विकत घेणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी या दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात.

गाळा घेणाऱ्यांना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पेडण्यातील एका नव्या संकुलात तळमजल्यावर दुकान काढण्याचे एका होतकरू तरुणाच्या मनात होते. नकाशा उत्तम होता, रस्ता रुंद होता, वर शंभराहून अधिक सदनिका होत्या आणि त्या सर्व विकल्या गेल्याचे त्याला सांगण्यात आले होते. त्याने आपल्या वृद्ध काकांचा सल्ला विचारला. काकांनी दराची चौकशी केली नाही की क्षेत्रफळ विचारले नाही. ते म्हणाले, 'डिसेंबरात जाऊ नकोस. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी रात्री आठ वाजता तिथे जा, फाटकाबाहेर उभा राहा, आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजून मला येऊन सांग.' तरुण गेला, भर पावसात छत्री धरून त्याने खिडक्या मोजल्या, आणि परत येताना पेडण्याच्या जुन्या बाजारात भाड्याने देण्याजोगे दुकान कोठे आहे याची विचारपूस करूनच घरी आला.